बोकडाच्या बदल्यात आलेला लॅपटॉप

मी एक जुना लॅपटॉप आहे आणि मला माणसांच्या बोटांची किळस येते. मित्रांनो, लगेच तोंड वाकडं करू नका. तुमच्या अंगावर कुणी रोज गुटख्याची बोटं पुसली असती, तुमच्या फटीफटीत शेवेचा चुरा सांडला असता आणि त्या चुऱ्यापायी तुमच्या पोटात झुरळांनी बिऱ्हाड थाटलं असतं, तर तुम्हीही असंच बोलला असता. माझा स्वभाव मुळात असा नव्हता. तो लोकांनी करून ठेवला आहे.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथली माणसं हातमोजे घालून काम करायची, एवढंच माझ्या लक्षात राहिलं आहे. पुढच्या आयुष्यात तसला हात माझ्या वाट्याला कधी आला नाही. मी मोठ्या ताकदीचाही नव्हतो. एका वेळी चार कामं सांगितली की मला धाप लागायची आणि पाचवं सांगितलं की मी डोळे पांढरे करायचो. माझी ताकद किती, हे खोक्यावर स्पष्ट छापलं होतं. पण खोक्यावरचं वाचतो कोण?

जिंतूरच्या एका खासगी शिकवणीत मला पहिल्यांदा उघडलं. आधी माझी पूजा झाली, कुंकू लावलं, नारळ फोडला, आणि नारळाचं पाणी सरळ माझ्या बटणांत गेलं. त्यातली काही बटणं तेव्हा चिकटली ती आजही चिकटतात. शिकवणीचे सर मुलांना म्हणायचे, "बाजूला व्हा रे, महागाची वस्तू हाय." हे ऐकून मी फुशारून जायचो. मग सर बोट जिभेला लावून कागद उलटायचे आणि तेच ओलं बोट माझ्यावर टेकवायचे. शी! अजून आठवलं तरी अंगावर काटा येतो. पुढं नवे लॅपटॉप आले आणि मी कोपऱ्यात, बंद पडलेल्या पंख्याशेजारी धूळ खात पडलो.

तिथून माझी सुटका झाली ती एका बोकडामुळं. सरांच्या घरी कंदुरी होती. नवस फेडायला बोकड कापायचा आणि पाहुण्यांना जेवू घालायचं, असा तो कार्यक्रम. त्याच सुमारास पेडगावचे ग्यानबा आपली मेंढरं घेऊन तिकडं चारायला आले होते, आणि त्यांच्या कळपात एक देखणा बोकड होता. ग्यानबांचा मुलगा हरिओम बरोबर होता आणि त्याला गाण्यांचं मिक्सिंग करायला लॅपटॉप पाहिजे होता. झालं. बोकड सरांकडं गेला आणि मी ग्यानबांच्या झोळीत पडलो. झोळीत माझ्याशेजारी लसणाची चटणी होती.

घरी गेल्यावर ग्यानबांनी, बोकडाचे दात बघावेत तसं माझं झाकण उघडून बघितलं.

"बोकड पाला खात होतं अन्‌ वाढत होतं. हे काय खातंय?"

"लाइट खातंय, अण्णा," हरिओम म्हणाला.

"मंग वाढतंय का?"

हरिओमनं माझं झाकण लावून टाकलं. तेव्हापासून त्या घरात माझं नाव बोकड पडलं. हरिओम, तुजा बोकड बंद कर. बोकडावर पाणी सांडू नका. मी सगळं मुकाट्यानं ऐकून घेतलं.

हरिओम वाईट मुलगा नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्याच्या नावानं बोटं मोडाल. पण त्याचं काम मात्र ओकारी आणणारं होतं. लग्नाच्या वराती, मिरवणुका, बारसं, कुणी नवा ट्रॅक्टर आणला त्याची पूजा, सगळीकडं डीजे लागतो. परमेश्वर नावाच्या त्याच्या दोस्ताकडं डीजेची गाडी होती, आणि तिच्यावर वाजणारी गाणी हरिओम माझ्यावर बनवायचा. बनवायचा म्हणजे काय, तर कुठलंही चांगलं गाणं घ्यायचं, त्याच्याखाली धुम्म-धुम्म ठोके घालायचे, मधेच गाडीचा भोंगा, मधेच पोलिसाच्या गाडीचा आवाज, आणि दर कडव्याला स्वतःच्याच आवाजात ओरडायचं, "वाजवतोय कोण? हरिओम पेडगावकर!" भजन असो की पाळणा, सगळ्यांच्या बोकांडी तेच ठोके. एकदा त्यानं पाळण्याखाली भोंगा घातला. मित्रांनो, ज्या बाळाचं ते बारसं होतं ते घाबरून तिकडं रडायलं आणि इकडं माणसं नाचायली. मला इतका वीट आला की मी मुद्दाम तापून बंद पडलो. त्यानं मला थापडा मारून पुन्हा सुरू केलं.

आता त्याची एक पद्धत सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यामुळं झाला. गाण्यातला एकेक आवाज वेगळ्या ट्रॅकवर असतो. माझ्यावर एका वेळी जेमतेम चार ट्रॅक वाजायचे. पाचवा घातला की माझा आवाज फाटायचा. म्हणून हरिओम चार ट्रॅक झाले की ते कालवून त्यांचा एक करायचा, आणि मूळचे सुटे चार पुसून टाकायचा. म्हणजे नव्यांना जागा. पुन्हा तीन चढवायचे, पुन्हा कालवायचं, पुन्हा पुसायचं. कमी ताकदीच्या यंत्रावर कालवावं लागतं, त्याला माझी ना नाही. पण पिठात एकदा मीठ कालवलं की ते परत वेगळं निघत नाही. आणि सुटं पुसायची त्याच्या हाताला अशी सवय जडली होती की बघायचंसुद्धा नाही, बोट आपलं चाललंच.

त्या घरात माझ्याशी माणसासारखं वागली ती एकटी बबिता, हरिओमची धाकटी बहीण. मला उघडण्याआधी ती हात धुऊन कोरडे करायची. माझ्या पंख्याच्या जाळीत मेंढरांची लोकर जाऊन बसायची, ती जुन्या दातांच्या ब्रशनं काढायची. मला दोन विटांवर ठेवायची, म्हणजे खालून वारा लागतो. भाऊ मेंढरांमागं गेला की ती माझ्यावर स्वतःची छोटी छोटी गाणी करायची. तिनं कधी पाचवा ट्रॅक चढवला नाही.

आणि या दोघांची माय, नर्मदाबाई. पेडगावात कुणाच्याही मुलीची हळद असली की नर्मदाबाईंना बोलावणं असायचं. नवरीला हळद लावताना बायका गाणी म्हणतात ना, त्यात पहिला आवाज त्यांचा. शेजारच्या सरजाबाई मागून साथ धरायच्या. नर्मदाबाईंना ना पेटी लागायची ना ढोलकी. जागच्या जागी नवरीचं नाव घालून त्या गाणं जुळवायच्या. मीही ऐकलं आहे, घराच्या भिंतीतून. त्या आवाजाला मी नाक मुरडलं नाही, आता याहून जास्त कौतुक माझ्याकडून होत नसतं.

दिवाळीनंतर त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन केलं तर बाई वाचेल, पण आवाज कायमचा जाईल. आणि बबिताचं लग्न तर ठरलेलं, वैशाखातलं. नर्मदाबाई तेव्हा एवढंच म्हणाल्या, "गावाच्या लेकी मी गाऊन लावल्या. माझ्याच लेकीला मुक्यानं हळद लावू का?"

बबितानं मग ठरवलं की ऑपरेशनच्या आधी मायचं गाणं माझ्यात भरून ठेवायचं. वैशाखात माय हातानं हळद लावील आणि तिचा आवाज माझ्यातून येईल. त्या दुपारी तिनं खोलीत चारी बाजूंनी घोंगड्या टांगल्या, म्हणजे आवाज घुमत नाही. माझा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा, म्हणून मला घोंगडीबाहेर ठेवलं आणि लांब वायरीचा माइक आत सोडला. नर्मदाबाई आधी खाकरल्या, पायात आलेलं कोकरू हाकललं, काहीबाही बोलल्या. गाण्याआधीचं ते बोलणं बबितानं नंतर कापून वेगळं ठेवलं. मग त्या गायल्या.

"हळद लागली गं, लागली बबिताच्या हाता,
कोकरू इचारतं मला, कोन पाजील आता."

ते कोकरू आईवेगळं होतं आणि बबिता त्याला बाटलीनं दूध पाजायची. गाणं संपलं तेव्हा बबिता घोंगडीत तोंड घालून रडत होती, आणि नर्मदाबाई म्हणत होत्या, "आता कामून रडायलीस? अजून लगीन व्हायचंय."

ऑपरेशन झालं. नर्मदाबाई परत आल्या त्या गळ्याला पांढरं फडकं बांधून. ओठ हलायचे आणि नुसता श्वास बाहेर यायचा. इकडं बबितानं गाणं पुरं केलं. ग्यानबा मेंढरांची लोकर कातरायचे, त्या कातरीचा कच-कच आवाज तिनं ठेक्याला घेतला. एक मेंढीच्या गळ्यातल्या घाटीचा, म्हणजे छोट्या घंटेचा आवाज, एक त्या कोकराचं बेंबाटणं, आणि मायचा गळा. चार ट्रॅक. माझ्या अंगात बसतील तेवढेच. ते वाजताना मला धाप लागली नाही, पंख्यानं घरघर केली नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडातून निघणाऱ्या आवाजाची मला लाज वाटली नाही.

हळदीच्या आदल्या दिवशी तिनं ते भावाला ऐकवलं. "दादा, हे लाव उद्या. ह्याला हात लावू नको."

हरिओमचे डोळे भरून आले. खरंच आले, मी समोरच होतो. पण बबिता स्वयंपाकघरात गेल्यावर तो स्वतःशीच म्हणाला, "लय भारी हाय. पर दम न्हाई. मंडपात ऐकू येनार न्हाई. मायचं गानं कसं गावभर गेलं पाह्यजे." आणि त्यानं बोटं चालवायला सुरुवात केली. गुटख्याची बोटं, मायच्या गळ्यावर.

त्यानं तिचा आवाज ताणून इतका बारीक केला की उंदीर बोलावा तसा झाला. कोकराच्या बेंबाटण्याचे तुकडे करून बें-बें-बें-बें असा ठोका बनवला. खाली धुम्म-धुम्म घातलं, मधे भोंगा घातला, आणि दोन ओळींच्या मधोमध स्वतः ओरडला, "वाजवतोय कोण? हरिओम पेडगावकर!" मी तापलो, अडकलो, जागा संपल्याची पाटी दाखवली. त्यानं नेहमीसारखं सगळं कालवून एक केलं आणि सुटं पुसून टाकलं, मायचा कोरा आवाजही, गाण्याआधीचं ते बोलणंही. जागा झाली तशी त्यात वरातीची गाणी भरली. मला तेव्हा माझ्या सगळ्या अंगाचीच घाण वाटली. माझ्या पोटातली झुरळं त्या हातापेक्षा बरी.

हळदीच्या सकाळी मंडपात बायका जमल्या. बबिता पाटावर बसली होती, शेजारी नर्मदाबाई हळदीची वाटी घेऊन. गळ्यावर धुतलेलं फडकं, डोळे माझ्याकडं. सगळ्यांना ठाऊक होतं की आता नर्मदाचा आवाज येणार. हरिओमनं मला परमेश्वरच्या डीजेला जोडलं आणि बटण दाबलं.

पुढचं मी थोडक्यात सांगतो, कारण मला ते पुन्हा तोंडात घ्यायचं नाही. मंडपाचे खांब थरथरले. वाटीतली हळद हिंदकळली. त्या दणक्यात कुठंतरी एक बाई उंदरासारखी चिरकत होती. बाहेरची पोरं नाचायला लागली. सरजाबाई कान देऊन ऐकत होत्या. त्यांनी मान हलवली. "ही नर्मदा न्हाई," त्या म्हणाल्या.

नर्मदाबाई उठल्या. त्यांनी ओरडायला तोंड उघडलं, पण ओरडणार कशानं? त्या पिवळ्या हातानं माझ्यापर्यंत आल्या आणि त्यांनी माझी वायर उपसून काढली. माझी बॅटरी केव्हाच मेलेली आहे. वायर निघाली की मी जागच्या जागी बंद पडतो. सगळं शांत झालं. सरजाबाईंनी त्यांच्या फुटक्या आवाजात गाणं धरलं आणि हळद तशीच लागली.

नंतर घरात बबितानं विचारलं, "दादा, माझं सुटं कुठंय? निस्तं मायचं?"

"पुसलं," हरिओम म्हणाला. "जागा नव्हती, बबे."

ती त्याच्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं माझी वायर गुंडाळून ठेवली. मग म्हणाली, "पुसलं म्हंजी लगेच जात न्हाई. शेतावरली पाटी काढली तरी शेत तिथंच ऱ्हातंय, तसं. वर दुसरं काही चढलं नसंल तर दुकानवाले काढून देतात. ह्याला आता चालू करू नको. परभणीला घेऊन जा."

"तू चल की संगं. मला काय कळतंय त्यातलं?"

"हळद लागलीय मला. शीव ओलांडता येत न्हाई."

हळद लागलेल्या मुलीनं गावाची शीव ओलांडायची नसते, हे त्याला सांगावं लागलं. त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. तेवढ्यात बाहेरून परमेश्वर आला. दुसऱ्या दिवशीच्या वरातीची सगळी गाणी माझ्यातच होती आणि त्याला ती तपासून बघायची होती. "लॅपटॉप लाव की," तो म्हणाला.

"बोकड चालू होनार न्हाई," हरिओम म्हणाला. "वरात बिनडीजेची जाईल."

"येडा झालास का? तुजी सख्खी बहीन हाय."

"म्हनूनच," हरिओम म्हणाला, आणि मला घोंगडीत गुंडाळून एस.टी.च्या थांब्याकडं चालू लागला.

गाडीत मी त्याच्या मांडीवर होतो. त्याच्या तोंडात गुटखा नव्हता, हे मला वासावरून कळलं. दर खड्ड्याला तो मला छातीशी धरायचा. मला त्याची दया आली नाही. उशिरा सुचलेल्या मायेचा मला भारी तिटकारा आहे.

परभणीच्या स्टँडजवळ बन्सीधर नावाच्या माणसाचं दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांनी माझं पोट उघडलं, झुरळं पळाली, आणि आतली डिस्क काढून त्यांनी दुसऱ्या यंत्राला जोडली. बराच वेळ शोधाशोध चालली. हरिओम उभाच होता.

"गानं व्हतं त्या जाग्यावर दुसरं बसलंय," बन्सीधर शेवटी म्हणाले. "ऐक." आणि त्यांनी वाजवलं.

वाजवतोय कोण? हरिओम पेडगावकर!

हरिओमनं खाली बसून कपाळाला हात लावला. बन्सीधर पुढंही शोधत राहिले. पुन्हा तेच, पुन्हा तेच. मायच्या गळ्याच्या जागेवर जागोजाग त्याचंच नाव. हरिओमलाही त्या आवाजाची शिसारी आली असावी, कारण तो म्हणाला, "बंद करा ते." मग दुकान बंद व्हायच्या वेळेला बन्सीधर म्हणाले, "एक बारका तुकडा निघालाय. गानं न्हाई, निस्तं बोलनं हाय. ऐकतो का?"

"माय ऐकंल आधी," हरिओम म्हणाला.

बन्सीधरांनी तो तुकडा डिस्कवर घेऊन ती माझ्यात परत बसवली, आणि हरिओम परतला तेव्हा बरीच रात्र झाली होती. मला विटांवर ठेवलं, वायर लावली. सरजाबाई होत्या, ग्यानबा दारात टेकून उभे होते, बबिता पिवळ्या हातांनी मायला धरून बसली होती. हरिओम म्हणाला, "गानं गेलं, माय. एवढंच ऱ्हायलं." बबितानं बटण दाबलं.

आधी खाकरणं आलं. मग कोकराला हाड-हाड. आणि मग नर्मदाबाईंचा तो रोजचा, घरातला, बिनसुराचा आवाज:

"चालू झालं का गं, बबे? थांब जरा. आधी हरिओम जेवलाय का बघ. सकाळधरनं त्या बोकडाम्होरं बसलंय, पोटात काय न्हाई. जेवला म्हनला की मंग गाते मी."

इथं तो तुकडा संपतो.

नर्मदाबाईंनी पोराकडं बघितलं. त्यांचे ओठ हलले, नुसता श्वास आला, पण त्या काय विचारत होत्या हे सगळ्यांना कळलं. तो सकाळपासून जेवला नव्हता. बबितानं उठून त्याला भाकरी वाढली.

वरात बिनडीजेचीच गेली. बबिता आता पालमला तिच्या घरी आहे. हरिओम डीजेच्या गाडीकडं फिरकत नाही आणि माझ्यात नवीन काहीही भरू देत नाही. मी विटांवरच असतो, माझ्या जाळीतली लोकर आता तो काढतो. बन्सीधरांच्या दुकानात झुरळं गेली ती परत आली नाहीत.

मित्रांनो, तुम्हाला माझं एकच सांगणं आहे. जुन्या यंत्राला त्याच्या ताकदीएवढंच काम सांगा, हात धुऊन सांगा. आणि जागा कमी पडली म्हणून काही पुसायला बसाल, तेव्हा आधी आपलं स्वतःचं नाव पुसा. ते पुन्हा ओरडता येतं.

रोज दुपारी नर्मदाबाई येतात, बोटं पदराला पुसतात आणि माझं तेवढं एक बटण दाबतात. त्या बोटाची मला किळस येत नाही. खाकरणं येतं, कोकरू हाकललं जातं, आणि त्यांचाच आवाज विचारतो, हरिओम जेवलाय का बघ, जेवला म्हनला की मंग गाते मी. मेंढरांच्या वाड्यावर असला तरी हरिओम तिथून ओरडून सांगतो, "जेवलो, माय."

मग आम्ही तिघंही थोडा वेळ थांबतो. गाणं येत नाही.